जाऊबाईंचे २४ लाख : शेअरचा इंडेक्स फंड की बाँडचा?



नेहमी आपण इथे फराळाविषयी, वाळवणाविषयी, चातुर्मासातल्या नियमांविषयी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. पण घर चालवणं म्हणजे काही फक्त चूल सांभाळणं नाही. तिजोरीची किल्ली हातात असणाऱ्या बाईला तिजोरीत काय आहे आणि ते कसं वाढतं हेही ठाऊक हवं. मी मराठवाडा विद्यापीठाची, नामांतराच्या आधीची बी.कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण घरचा जमाखर्च चाळीस वर्षं माझ्याकडेच आहे.

निमित्त घरचंच झालं. माझ्या धाकट्या जाऊबाई ६१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी दीर गेले. पेन्शन नाही, कारण आमचं सगळं आयुष्य दुकानावर. विम्याचे, दुकानाच्या वाटणीचे आणि थोड्या जमिनीचे मिळून त्यांच्या नावावर २४ लाख रुपये जमले. मुलगा आहे, सून आहे, दोघं प्रेमाने सांभाळतात. तरी जाऊबाई म्हणाल्या, "ताई, औषधाला आणि साडीला मुलापुढे हात पसरायचा नाही. एवढं जमवून द्या."

त्यांचा पुण्यात नोकरी करणारा भाचा आला आणि म्हणाला, "मावशी, सगळे निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाक. वीस वर्षांत बघ काय होतं." आमचे थोरले चुलत दीर म्हणाले, "काही नको. पतसंस्था १२ टक्के देते. नाहीतर ते सरकारी बाँडचे फंड निघालेत म्हणे, त्यात टाका." दोघंही भलं चिंतणारेच. पण दोघांच्या सल्ल्यात फरक एवढा की चुकीचा धरला तर एका बाईचं म्हातारपण अडचणीत येईल. म्हणून मी वही-पेन घेऊन बसले. जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगते.

आधी मुळातला फरक. तो समजायला धारूरची बाजारपेठ पुरेशी आहे. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. मग बाजार ओस. ती माणसं परत आली, हातात चार पैसे असले, लग्नसराई धरली, की ठाणच्या ठाण खपायचं. पाऊस हुकला तर तेच ठाण पुढच्या वर्षापर्यंत फडताळात. दुकानात घातलेल्या पैशाला ठरलेलं व्याज नव्हतं. नफा झाला तर आपला, नाही झाला तर तोही आपलाच. ही झाली मालकी. शेअर म्हणजे हेच.

सासऱ्यांकडे कधी जास्तीचे पैसे असले तर ते ओळखीच्या जिनिंगवाल्याला व्याजाने देत. कापसाला भाव येवो न येवो, व्याज ठरलेलं. जिनिंगवाल्याने त्या वर्षी दुप्पट कमावलं तरी आपल्याला एक रुपया जास्त नाही. ही झाली उधारी. बाँड म्हणजे रोखा, म्हणजे लिहून घेतलेली उधारी. सासरे दोन्हींचे हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवत. का, ते मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं. कंपनी बुडाली तर आधी डिबेंचरवाल्यांचे, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचे पैसे द्यायचे आणि शेवटी काही उरलं तर शेअरवाल्यांना. मालक शेवटच्या पंगतीला बसतो. म्हणूनच भरलं पातेलं उरलं तर तेही त्यालाच मिळतं.

आता इंडेक्स फंड. इंडेक्स म्हणजे निर्देशांक, एक ठरलेली यादी. निफ्टी म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांची यादी. कोणत्या कंपनीला किती वजन, हे नियमाने ठरतं. फंड चालवणारा स्वतःची अक्कल लढवत नाही. यादीत जे आहे ते त्याच प्रमाणात विकत घेतो. त्यामुळे खर्च कमी. ही कल्पना अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य माणसांपर्यंत आणली. तेव्हा लोक हसले होते. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जेमतेम १ कोटी १३ लाख जमले. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, त्यांच्याच व्हॅनगार्ड कंपनीने रोख्यांचा इंडेक्स फंड काढला. आपल्याकडे निफ्टीची यादी १९९६ साली सुरू झाली, त्यावरचा पहिला ईटीएफ २००१ च्या अखेरीस आला. सामान्य माणसाला रोख्यांच्या यादीची खरी ओळख झाली ती डिसेंबर २०१९ मध्ये, भारत बाँड ईटीएफमुळे. म्हणजे शेअरचा इंडेक्स आपल्याकडे जुना आणि बाँडचा नवा. म्हणून त्याच्याविषयी बोलणारे कमी आणि अर्धवट बोलणारे जास्त.

दोन्हींच्या नावात इंडेक्स आहे म्हणून दोन्ही सारखेच चालतात असं समजू नका. पहिला फरक यादी कशी बनते त्यात आहे. निफ्टीत ज्या कंपनीची बाजारातली किंमत वाढते तिचं वजन वाढतं. जी मागे पडते ती हळूहळू बारीक होते आणि एक दिवस यादीबाहेर जाते. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाला, ती लगेच निफ्टीतून गेली. मार्च २०२० मध्ये येस बँक गेली. तिथे नवी कंपनी आली. आपण घरात बसून काही केलं नाही, तरी वाळलेली फांदी छाटली गेली. अर्थात छाटण्याआधी तिची किंमत पडलेलीच असते, तेवढं नुकसान आपलं होतंच. पण ५० मधली एक, म्हणून झेपतं.

रोख्यांच्या यादीत उलटं असतं. ज्याने जास्त कर्ज काढलं त्याचे रोखे बाजारात जास्त, म्हणून त्याचं वजनही साधारणपणे जास्त. बाजारपेठेत सगळ्यात जास्त उधारी ज्याची, त्यालाच आपण सगळ्यात जास्त पैसे द्यावेत, असा हा प्रकार. माझ्यातली बी.कॉम.वाली इथे थबकली. मग पाहिलं तर आपल्याकडचे बाँड इंडेक्स फंड बहुतेक तीनच प्रकारचे रोखे घेतात : केंद्र सरकारचे, राज्य सरकारांचे (त्यांना एसडीएल म्हणतात) आणि ‘एएए’ दर्जाच्या सरकारी कंपन्यांचे. म्हणजे मुद्दल बुडण्याची भीती फारच कमी. पण फंड घेताना नावाखालची यादी वाचायची. खासगी कंपन्यांचे हलक्या दर्जाचे रोखे असतील तर हात आखडता घ्यायचा. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनला सहा कर्जरोखे योजना बंद कराव्या लागल्या. त्या इंडेक्स फंड नव्हत्या. जास्त व्याजासाठी कमी दर्जाचे रोखे घेतलेले होते आणि टाळेबंदीत त्यांना गिऱ्हाईक मिळेना. लोकांना पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण गरजेच्या वेळी अडकले ते अडकलेच.

दुसरा फरक पडझडीचा. भाच्याने वीस वर्षांचा आलेख दाखवला, तो डोंगरासारखा चढत गेलेला. खोटा नाही. ३ नोव्हेंबर १९९५ ला निफ्टी १००० धरला होता. २६ सप्टेंबर २०२४ ला तो २६,२१६ वर बंद झाला. लाभांश सोडूनसुद्धा वर्षाला सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास. पण मी त्याला म्हटलं, "बाळा, तू शिखरावर उभा राहून मोजतोस. जरा दरीत उभं राहून मोज." जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२८७ पर्यंत गेला होता. २३ मार्च २०२० ला तो ७,६१० वर होता. त्या शिखरावर पैसे घालून या दरीत काढायची वेळ ज्याच्यावर आली, त्याला बारा वर्षांत लाभांश सोडून वर्षाला दीड टक्काच पडला. टपालातल्या बचत खात्यानेही जास्त दिले असते.

आणि २०२० ची ती घसरण पाहा. जानेवारीत १२,३६२, मार्चमध्ये ७,६१०. दोन महिने नऊ दिवसांत ३८ टक्के कमी. जाऊबाईंचे सगळे २४ लाख त्यात असते तर कागदावर १४ लाख ८८ हजार दिसले असते. नोव्हेंबरपर्यंत निफ्टी पुन्हा वर आला, हे खरं. पण ज्या बाईला दर महिन्याला त्यातूनच औषधाचे पैसे काढायचे आहेत, तिला पडलेल्या भावात जास्त युनिट विकावी लागतात. विकलेली युनिट बाजार वर आल्यावर परत येत नाहीत. तरुण नोकरदार दर महिन्याला विकत घेतो, त्याला पडलेला बाजार म्हणजे स्वस्ताई. म्हातारी बाई दर महिन्याला विकते, तिला तोच बाजार म्हणजे तोटा. फंड एकच, तारीख एकच, पण दोघांचं नशीब वेगळं. भाच्याला हे पटलं, हे त्याच्या मोठेपणाचं.

मग दिरांनी विचारलं, "म्हणजे वहिनी, बाँडचा फंड पडत नाही ना?" पडतो. हा फार मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

समजा, १०० रुपयांचा एक रोखा आहे, वर्षाला ७ रुपये व्याज देणारा. उद्या बाजारात व्याजदर वाढले आणि १०० रुपयांना ८ रुपये देणारे नवे रोखे आले. आता माझा ७ वाला रोखा १०० ला कोण घेईल? मला भाव कमी करावा लागेल. किती, ते मुदतीवर. मुदत एकच वर्ष उरली असेल तर ९९ रुपये ७ पैसे. दहा वर्षं उरली असतील तर सुमारे ९३ रुपये २९ पैसे. कारण घेणारा दहा वर्षं कमी व्याज सोसणार. व्याज उतरलं तर याच्या उलट, जुन्या रोख्यांचे भाव चढतात. म्हणून लक्षात ठेवायचं ते असं : व्याजदर आणि रोख्याचा भाव तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली. आणि मुदत जितकी लांब तितकं पारडं जोरात हलतं.

हे काही पुस्तकातलं नाही. मे २०२० ते मे २०२२ रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. मग तो चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. त्या काळात लांब मुदतीच्या रोख्यांचे फंड घेतलेल्यांनी विचारलंच, "सरकारी रोखे असून पैसे कमी कसे?" आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून दर उतरू लागले, जूनपर्यंत साडेपाचवर आले, तेव्हा त्याच रोख्यांचे भाव चढले. संकटात मात्र ही उधारी अनेकदा मालकीच्या मदतीला येते. मार्च २०२० मध्ये शेअर कोसळले तेव्हा रिझर्व्ह बँकेने दर उतरवले आणि सरकारी रोख्यांचे भाव वाढले. पण नेहमीच तसं होतं असं नाही. २०२२ च्या मे-जूनमध्ये महागाई आणि व्याजदर वाढले तेव्हा शेअर आणि रोखे दोन्ही एकाच वेळी घसरले. म्हणून कोणी छातीठोकपणे सांगितलं की एक पडला की दुसरा चढतोच, तर मान डोलवू नका.

या सगळ्यात मला सगळ्यात उपयोगी वाटला तो तिसरा फरक, मुदतीचा. निफ्टीच्या फंडाला अखेरची तारीख नसते. दुकान जसं चालू आहे तोवर चालू. त्याला अमुक साली अमुक रुपये दे, असं सांगता येत नाही. पण बाँडच्या इंडेक्स फंडात एक प्रकार आहे, टार्गेट मॅच्युरिटी. म्हणजे फंडाच्या नावातच वर्ष लिहिलेलं असतं. त्यातले रोखे त्या वर्षाच्या आसपास संपणारे. दर वर्षी मुदत कमी होते, म्हणून हलणंही कमी होतं. मध्ये भाव पडला तरी शेवटपर्यंत थांबलं तर रोखे पुरे पैसे देतात आणि घेताना जो उतारा दिसत होता त्याच्या जवळपास हाती येतो. हमी नसते, पण अंदाज बराच पक्का असतो. विम्याच्या पॉलिसीची मुदत आपण लक्षात ठेवतो, तसंच. मधेच मोडायचं नाही एवढी अट.

म्हणजे शेअरचा चांगला की बाँडचा, हा प्रश्न विळी चांगली की खलबत्ता, असा आहे. काय करायचंय ते आधी सांगा. म्हणून मी जाऊबाईंना विचारलं, "पैसे कशाकशाला लागणार, ते सांग." यादी अशी निघाली : दर महिन्याला हातखर्च आणि औषध, अचानक दवाखाना, नातीचं कॉलेज २०३० साली, आणि सत्तरीनंतर महागाई वाढली तर काय, ही भीती. चार गरजा, चार वेगळ्या तारखा. मग कप्पे पाडले.

महिन्याच्या खर्चासाठी शेअरचा फंडही नाही आणि बाँडचाही नाही. साठी उलटलेल्यांसाठी टपालात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. सध्या तिचा दर ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. सरकारची हमी. बाँडच्या फंडात सध्या साडेसहा ते सात टक्क्यांच्या आसपास सुटतं, तेही भाव हलत हलत. मग जास्त व्याज आणि हमी दोन्ही एका जागी मिळत असताना कमी व्याजाकडे कशाला जायचं? १२ लाख इथे. वर्षाला ९८,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,२००. औषध, साडी, यात्रा, दानधर्म, सगळं त्यांच्या स्वतःच्या हातातून.

दवाखान्यासाठी २ लाख बँकेत, हात घातला की मिळतील असे.

नातीच्या कॉलेजसाठी ६ लाख टार्गेट मॅच्युरिटीच्या बाँड इंडेक्स फंडात, २०३० ला संपणाऱ्या. इथे त्याची खरी जागा आहे : रक्कम मोठी, तारीख ठरलेली, मधे लागणार नाही. सध्याच्या उताऱ्याने ८ लाखांच्या घरात जातील. पुढच्या वर्षी व्याजदर एक टक्का चढला तर त्या सहा लाखांत वीस-पंचवीस हजारांची घट दिसू शकते. ते मी जाऊबाईंना आत्ताच सांगून ठेवलंय, म्हणजे तेव्हा धसका बसायला नको.

आणि ४ लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात. भाच्याला हे कमी वाटलं, दिरांना जास्त. दिरांना मी हिशेब मांडून दाखवला. महागाई सहा टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे बारा वर्षांत सगळं दुप्पट महाग. आजचे ८,२०० तेव्हा आजच्या ४,१०० एवढं काम करतील. जाऊबाई तेव्हा ७३ वर्षांच्या असतील, आणि औषधं तर वाढलेलीच. उधारीचं मुद्दल वाढत नाही, १२ लाख हे १२ लाखच राहतात. वाढते ती मालकी. म्हणून थोडी मालकी हवीच. २०२० सारखं संकट आलं तर या चार लाखांचे २ लाख ४८ हजार दिसतील. बाईंची झोप उडेल, पण जेवण थांबणार नाही. दहा वर्षं त्याकडे बघायचं नाही, असं ठरलं.

दिरांच्या १२ टक्केवाल्या पतसंस्थेविषयीही बोललं पाहिजे. आपल्या बीड जिल्ह्यात तर बोललंच पाहिजे. २०२३-२४ मध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचं काय झालं ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले, ईडीने मालमत्तांवर टाच आणली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख आहे, त्याआधी १ लाख होती. पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था या विम्यात येत नाहीत. बँक ७ देते आणि शेजारचा १२ देतो, तेव्हा वरचे पाच टक्के कशाचे, हा प्रश्न विचारायचा. ते जोखमीचे असतात. दिलेल्या उधारीवर व्याज मोजताना मुद्दल कोणाच्या हातात आहे ते आधी बघायचं. दीर गप्प बसले आणि चहा मागितला. आमच्याकडे त्याचा अर्थ पटलं असा होतो.

आता कर. थोडक्यात सांगते, कारण हे नियम बदलत असतात. शेअरचा फंड वर्षभरानंतर विकला तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. बाँडच्या फंडाला ही सवलत नाही. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा, कितीही वर्षं ठेवला तरी, आपल्या उत्पन्नात मिळवून आपल्या दराने कर. म्हणजे मोठ्या पगाराच्या मुलाने आपल्या नावावर घेतला तर कर मोठा, जाऊबाईंच्या नावावर त्यांच्याच पैशांचा असला तर बहुधा शून्य. ठेवीच्या व्याजावर दर वर्षी कर मोजतात, फंडात मात्र विकेपर्यंत नाही, एवढा फायदा. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही त्यांनी बँकेत त्यासाठीचा फॉर्म वेळेवर द्यावा, नाहीतर कापलेला कर परत मागत बसावं लागतं.

खर्चाकडेही लक्ष असू द्या. एकाच यादीचे दहा फंड असतात, माल तोच, मग दुकानदाराचं कमिशन जास्त का द्यायचं? निफ्टीच्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट योजनेत वर्षाचा खर्च ०.२ टक्के किंवा त्याहून कमी मिळतो. मध्यस्थामार्फत घेतलेल्या इतर शेअर फंडांत तो दीड टक्का असू शकतो. दहा लाखांवर एकीकडे २ हजार आणि दुसरीकडे १५ हजार, दर वर्षी, नफा होवो वा तोटा. बाँडच्या फंडात तर याची काळजी जास्तच घ्यायची, कारण सातातून एक गेला तर सातवा हिस्साच गेला.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आणखी एक प्रश्न असेल, माझ्याही होता. यादी घ्यायची म्हणजे निवड आपली राहत नाही. निफ्टीत आयटीसी आहे, तिचा सिगारेटचा धंदा आपल्याला चालेल का? बाँडचा फंड घेतला तर त्यात सरकारी रोखे, म्हणजे निर्मळ, असं वाटतं. पण राज्याच्या तिजोरीत दारूवरचा करही येतोच आणि बँक आपली ठेव कोणाला कर्जाऊ देते हे आपल्याला विचारून देत नाही. ज्यांना हे सोसत नाही त्यांच्यासाठी चाळणी लावलेले फंड आहेत. निफ्टी ५० शरिया निर्देशांकात दारू, तंबाखू आणि व्याजाच्या धंद्यातल्या कंपन्या वगळतात. चाळणी दुसऱ्या धर्माची असली तरी त्यातून गाळलं जातं त्यातलं पुष्कळ आपल्यालाही नकोच असतं. पण तिथेही आपले सगळे नियम बसतील असं नाही. जाऊबाईंनी आपल्यापुरता मार्ग काढला. निफ्टीच्या नफ्यातला ठरावीक भाग दर वर्षी जीवदयेला. तुम्ही तुमच्या मनाला आणि आपल्या महाराजांना विचारून ठरवा.

परिग्रह-परिमाणाचं व्रत मला या हिशेबात फार उपयोगी पडलं. किती हवं, हे आधी लिहून ठेवायचं, असं ते व्रत सांगतं. बाजार कधीच पुरे म्हणत नाही, ते आपण म्हणायचं असतं. जाऊबाईंच्या वहीत आम्ही पहिल्या पानावर चार गरजा आणि त्यांच्या रकमा लिहिल्या. दर दिवाळीला, वहीपूजनाच्या दिवशी, एकदाच उघडायचं. निफ्टीचे चार लाख वाढून सहा-सात झाले तर वाढलेल्यातलं थोडं काढून सुरक्षित कप्प्यात घालायचं. घसरले तर हात लावायचा नाही. मधल्या ३६४ दिवसांत मोबाइलवर भाव बघायचा नाही. दूरचित्रवाणीवर लाल बाण दिसला तर स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी फोडणीला टाकायचं.

तुमचे कप्पे जाऊबाईंसारखे नसतील. पस्तिशीतल्या सुनेचा शेअरचा कप्पा मोठा असावा, तिला वीस-पंचवीस वर्षं आहेत आणि घरात पगार येतो. दोन वर्षांनी मुलीचं लग्न असलेल्या आईने त्या पैशांपुरता निफ्टी दाराबाहेरच ठेवावा. ज्याला तारीख आहे ते रोख्यात, ज्याला तारीख नाही ते शेअरमध्ये, आणि उद्या लागणारं बँकेत. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आणि एक शेवटचं काम, आजच करा. प्रत्येक खात्याला, प्रत्येक फंडाला नॉमिनी लावलाय का ते बघा, आणि सगळ्याची यादी एका वहीत लिहून ती कुठे आहे ते घरातल्या दोघांना सांगून ठेवा. दीर गेल्यावर जाऊबाईंना कागद शोधायला सात महिने लागले होते. आता त्यांची वही देवघराच्या खालच्या खणात आहे, आणि ते मला, त्यांच्या मुलाला आणि सुनेलाही माहीत आहे.

जय जिनेंद्र.